एकोणीस सकाळींची नोंद

वकिलाने दोन पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींवर एकेक पेपरवेट ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने पानांच्या कडा तेवढ्या फडफडत राहिल्या.

"बाई, हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"आणि हे?"

पट्टीबाईने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं, आणि पाहण्याचीही गरज नव्हती. ते पान तिला तोंडपाठ होतं. सव्वीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातलं पान. अक्षर टोकदार, जरासं तिरकं, प्रत्येक आकडा ओळीवर तोलून बसवलेला.

"आमच्या ह्यांचं," ती म्हणाली.

"नक्की?"

"साहेब, घरातलं माणूस आहे. नक्की काय विचारता?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. वकीलही हसला. माणूस वाईट नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला बंधारा घालून पाणी वळवू पाहणाऱ्या कंपनीचा वकील होता, एवढंच.

टेबलामागे बसलेल्या सुनावणी अधिकारी बाई मात्र हसल्या नाहीत. वयाने त्या पट्टीबाईच्या लेकीएवढ्या असतील. त्यांनी दोन्ही पानं जवळ ओढून घेतली आणि बराच वेळ पाहिली.

जुन्या पुलापासून खाली संगमापर्यंतची अकरा किलोमीटर नदी 'संरक्षित प्रवाह' म्हणून जाहीर करावी, असा अर्ज गावाने केला होता. एकदा ते जाहीर झालं की त्या अकरा किलोमीटरांत बांध नाही, वाळूचा उपसा नाही, वरून पाणी तोडणं नाही. मासे, पाखरं, काठावरची झाडं यांना अभय. आणि माणसांना पोहण्याचा, होडी वल्हवण्याचा, काठाने चालण्याचा कायमचा हक्क. पण कायद्यात एक अट होती. नदी बारमाही हवी. गेल्या तीस वर्षांत ती एकदाही आटलेली नसावी, आणि त्याचा लेखी पुरावा हवा.

पुरावा होता. पुलाच्या तिसऱ्या खांबाला आकड्यांची लोखंडी पट्टी ठोकलेली होती. रोज सकाळी सात वाजता पायऱ्या उतरून जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं, तिथल्या पेटीतल्या वहीत लिहायचं. महिनाअखेर वरचं पान पाटबंधारे खात्याकडे, खालची कार्बन प्रत घरी. हे काम आधी तिचे सासरे करायचे. तेहतीस वर्षांपूर्वी ते थकले आणि काम सुनेकडे आलं. तेव्हापासून ती गावाची पट्टीबाई झाली ती झालीच. तिचं खरं नाव आता पोस्टमन सोडला तर कोणाला ठाऊक नसेल.

तेहतीस वर्षांत दुष्काळाचा उन्हाळा एकच. आणि नेमके त्याच उन्हाळ्यातले सगळ्यात कोरडे एकोणीस दिवस पट्टीबाईच्या अक्षरात नव्हते.

"माझं म्हणणं साधं आहे," वकील म्हणाला. "त्या उन्हाळ्यात भोवतालच्या चारही नद्या आटल्या. ही वाहत राहिली असं फक्त हे एकोणीस दिवस सांगतात. आणि ते नेमलेल्या व्यक्तीने लिहिलेलेच नाहीत. घरी बसून आकडे मांडले नसतील कशावरून?"

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या मिस्टरांना परवा घेऊन या," त्या पट्टीबाईला म्हणाल्या. "माझ्यासमोर चार ओळी लिहू देत. प्रश्न मिटेल."

*

नवरा आरशासमोर दाढी करत होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तो आरशात असा बघायचा की जणू मागून ट्रक येतोय. आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवलेली. नजरेचं वळण जात नाही.

"परवा तुम्हाला यायचंय सुनावणीला," ती भाजीची पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाली. "त्या एकोणीस दिवसांचं अक्षर जुळवायचंय. चार ओळी लिहायच्या, की सुटलो."

वस्तरा गालावर मध्येच थांबला.

"लिहायच्या?"

"मग? गाऊन दाखवायच्या?"

त्याने अर्धा फेस तसाच ठेवून टॉवेल खांद्यावर टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"अगं," तो म्हणाला, "ते अक्षर माझं नाही."

तिने पिशवीतून एक एक वांगं काढून ओळीने मांडलं. पाचही मांडून झाल्यावर मग वळली.

"परत बोला."

"तू दवाखान्यातून बजावलंस, पट्टी चुकवू नका, तीन दिवस सलग चुकलं तर काम जातं. मी हो म्हटलं. पण पहिल्या दिवशी तुझ्या काळजीत विसरलो. दुसऱ्या दिवशी बदली ड्रायव्हर आला नाही म्हणून गाडी घेऊन जावं लागलं. तिसऱ्या दिवशी धावत पुलावर गेलो. म्हटलं, गेलं काम, बाबांनी तीस वर्षं सांभाळलेलं माझ्या हातून गेलं. वही उघडतो तर तिन्ही दिवस लिहिलेले! मला वाटलं खात्याने कोणी माणूस धाडला. हात जोडले आणि गप्प बसलो. पुढे रोज लिहिलेलं असायचं."

"आणि ते 'बाळाने आज दूध घेतले'? तेही खात्याच्या माणसाने लिहिलं?"

नवऱ्याने टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला.

तेराव्या दिवसाच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात, जिथे 'पाणी गढूळ' किंवा 'वारा जोराचा' एवढंच लिहायची पद्धत, तिथे लिहिलेलं होतं: 'पाणी संथ. बाळाने आज दूध घेतले.' सातव्या महिन्यात झालेली पोर. काचेच्या पेटीत, नळ्या लावलेली, तळहाताएवढी. बारा दिवस दूध पोटात टिकत नव्हतं. तेराव्या दिवशी टिकलं. घरी आल्यावर पट्टीबाईने ती ओळ वाचली आणि पहिल्यांदा पोटभर रडली. आपला हा अबोल, रांगडा नवरा. सही करण्यापलीकडे हातात पेन न धरणारा. त्याने नदीच्या वहीत हे लिहिलं! त्या एका ओळीवर तिने पुढे नवऱ्याचे शंभर अपराध पोटात घातले होते.

"सव्वीस वर्षं!" ती म्हणाली.

"दोन-तीनदा सांगणार होतो," नवरा म्हणाला. "पण दर वेळी तू माझ्यावर रागावलेली असायचीस, आणि ते पान आठवलं की निवळायचीस. आपल्याच पायावर कोण धोंडा पाडून घेईल?"

तिला राग यायला हवा होता. आलाही. पण अर्ध्या गालावर फेस घेऊन उभा असलेल्या त्या माणसाकडे पाहून तो धड उभाच राहीना. ती पाठमोरी झाली आणि वांगी चिरू लागली. पुढचा पाऊण तास तो उरलेली दाढी करायला गेला नाही.

संध्याकाळी लेक आली. काचेच्या पेटीतली ती तळहाताएवढी पोर आता नदीवर मुलांना होडी वल्हवायला शिकवायची. अर्जावरच्या निम्म्या सह्या तिनेच गोळा केलेल्या. आल्या आल्या तिने दोघांची तोंडं पाहिली आणि काय झालंय ते ओळीने ऐकून घेतलं. मग कार्बन प्रत हातात घेतली.

"हे बाबांचं?" ती म्हणाली. "आई, तू पण ना! हे आत्याचं अक्षर आहे."

"कोणाचं?"

"आत्याचं. हा सात बघ, शेपटीला छोटासा हुक. मला पाढे कोणी गिरवून दिले? सतरा, सत्तावीस, सदतीस. हजार वेळा काढलाय मी हा सात."

पट्टीबाई खुर्चीवर बसली.

वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण. प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मूलबाळ नसलेल्या, यजमान गेल्यापासून तीन गल्ल्या पलीकडे एकट्या राहणाऱ्या. शिस्तीच्या आणि सरळ रेषेत बोलणाऱ्या. पट्टीबाई एकोणीस दिवस दवाखान्यात पडून होती तेव्हा सगळं गाव येऊन गेलं. शेजारीण आली, शिंपी आला, पेपर टाकणारासुद्धा आला. वन्सं एकदाही डोकावल्या नाहीत. बसने तासाभराचं अंतर. मूल आज जातंय की उद्या, अशी वेळ. आणि सख्खी आत्या फिरकली नाही. ते पट्टीबाईने जे मनात धरलं ते आजपर्यंत. भांडण कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी वाचून झाल्यावर ती परस्पर त्या गल्लीत गेली. दार वाजवण्याआधी जरा थांबली. या दाराशी आपण होऊन ती शेवटची कधी आली होती, ते तिला आठवेना.

वन्संनी दार उघडलं. एका हातात शब्दकोड्याचं वर्तमानपत्र, कानामागे पेन्सिल.

"कोणी आजारी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, वन्सं." पट्टीबाईने पान पुढे केलं. "हे तुमचं आहे?"

वन्संनी पान हातभर लांब धरलं. चष्मा न लावताच मान हलवली.

"माझंच. का? काही चुकलंय?"

"चुकलं नाही." पट्टीबाईने सुनावणीचं सगळं सांगितलं. वकील काय म्हणाला, अधिकारी बाई काय म्हणाल्या, नवऱ्याने काय कबूल केलं. नवऱ्याच्या भागाशी वन्संच्या ओठांची एक बाजू जराशी वर गेली.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "लहानपणीसुद्धा त्याला नदीवर पाठवलं की पतंग उडवून घरी यायचा. बाबांच्या पेटीची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. पहिल्या दिवशी शाळेत जाताना खाली उतरून वही पाहिली तर त्या दिवसाची ओळ कोरीच. म्हटलं, झालं." त्यांनी पान परत दिलं. "उद्या किती वाजता आहे?"

"अकराला."

"मी पावणेअकराला येईन."

दार लागलं. तेवढंच. पट्टीबाई रिकाम्या गल्लीत उभी राहिली. आभार मानायला म्हणून आली होती, आणि आभाराचा शब्दसुद्धा तोंडातून निघाला नव्हता.

*

वन्सं पावणेअकराला आल्या. टेबलाशी बसून अधिकारी बाईंनी सांगितलेल्या चार ओळी आणि एक ते पन्नास आकडे त्यांनी लिहून दिले. अक्षर जुळतंय हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. वयाने हात थोडा कापत होता, पण सातचा हुक जागच्या जागी होता.

वकील उठला.

"बाई, अक्षर तुमचं, मान्य. पण तुम्ही खरोखर पायऱ्या उतरून पट्टी वाचलीत की घरी बसून अंदाजाने लिहिलंत? दुष्काळात पाणी रोज थोडं थोडं उतरतं. आकडे मांडायला गणिताच्या शिक्षिकेला काय अवघड?"

"मांडायला काहीच अवघड नाही," वन्सं म्हणाल्या. "वाचायला अवघड होतं."

"म्हणजे?"

"पट्टीवर चाळीसचा आकडा दोनदा होता."

वन्सं टेबलाकडे नव्हे तर वकिलाकडे पाहून, पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगू लागल्या.

"दर दहा सेंटीमीटरला एक आकडा. पन्नास, चाळीस, मग तीस यायला हवा. पण तळाच्या तुकड्यावर तीसच्या जागीसुद्धा चाळीस छापलेलं होतं. एरवी तो आकडा शेवाळात, पाण्याखाली. कोणाला दिसायचं कारणच नाही. नवव्या दिवशी पाणी एकतीसवर होतं. दहाव्या दिवशी तो खालचा चाळीस उघडा पडला, आणि पाणी त्याच्या खाली एक रेघ. आकडा बघून लिहिलं असतं तर एकोणचाळीस झाले असते. म्हणजे एका रात्रीत आठने पाणी वाढलं! आणि आभाळात तर बोटभर ढगसुद्धा नव्हता. मग मी छत्रीच्या टोकाने वरून एक एक रेघ मोजत खाली आले. तीनदा मोजलं. एकोणतीस. तेच लिहिलं."

"हे तुम्ही त्या वेळी कोणाला कळवलंत?"

"नाही. मी तिथे असायलाच नको होते. कळवलं असतं तर हिचं काम गेलं असतं."

अधिकारी बाईंनी मागे वळून कारकुनाला काहीतरी सांगितलं. कारकून आतल्या खोलीत गेला. बराच वेळ गेला. कोणीतरी खिडकी उघडली. वकील घड्याळाशी चाळा करत राहिला. कारकून आला तो एक धुळकट फाइल घेऊन, आणि बाईंनी त्यातला एक पिवळा पडलेला कागद काढून मोठ्याने वाचला. दुष्काळानंतरच्या वर्षी खात्याने पट्टी बदलली होती, त्याचा तो आदेश होता.

"'जुनी पट्टी उतरवली असता तळाच्या तुकड्यावर तीसऐवजी चाळीस हा आकडा छापलेला आढळला. सबब संपूर्ण पट्टी नवीन बसवावी.'"

त्यांनी कागद फाइलमध्ये परत ठेवला आणि वन्संकडे पाहिलं.

"सगळ्यात कमी पाणी किती होतं, बाई?"

"सत्तावीस. चौदाव्या दिवशी. फार नव्हतं." वन्संनी बोटांनी टेबलावर वीत मोजून दाखवली. "पण वाहत होतं. मी पाण्यात काडी टाकून बघायची रोज. एकदाही जागेवर थांबली नाही."

वकिलाने समोरचे कागद गोळा केले. माणूस धंद्यातला जुना होता. कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं.

"या साक्षीवर माझे प्रश्न संपले," तो म्हणाला. मग जागेवर बसता बसता हळूच: "बाई, माझ्या मुलीचं गणित कच्चं आहे. शिकवण्या घेता का अजून?"

"पाठवा," वन्सं म्हणाल्या. "पण वेळेवर यायला हवं."

*

परतीच्या वाटेवर दोघी पुलापर्यंत आल्या. नवरा मुद्दाम दहा पावलं मागे राहिला होता; पट्टीबाईने वळून पाहिलं की तो दुकानांच्या पाट्या वाचायचा.

पुलावर वारा होता. खाली नदी दुपारच्या उन्हात रुंद पसरलेली. काठच्या खडकांवर दोन मुली ओले केस वाळवत पालथ्या पडल्या होत्या.

"वन्सं, एकदा तरी सांगायचं होतं," पट्टीबाई म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? तुझीच वही. मला वाटलं तू ओळखलंस, आणि नियमाबाहेरचं काम म्हणून बोलत नाहीस."

"मला वाटलं ह्यांनी लिहिलं."

"त्याने?" वन्सं क्षणभर थांबल्या आणि मग हसल्या. त्यांना असं मोकळं हसताना पट्टीबाईने आजवर दोनदा-तीनदाच पाहिलं असेल. "अगं, त्याला 'बाळाने' मधला 'ळ' तरी काढता येतो का?"

"दूध घेतलं हे तुम्हाला कसं कळलं?"

"शाळेतून फोन करायची. रोज दुपारच्या सुट्टीत. तिथली एक नर्स फार चांगली होती. त्या दिवशी तिने मी विचारायच्या आधीच सांगितलं. मग शाळा सुटल्यावर परत पुलावर गेले, सकाळची ओळ समोर आली, आणि... लिहून गेले. खोडता येत नव्हतं. कार्बन होता खाली."

पट्टीबाईने कठड्याचा गज धरला. गज उन्हाने तापला होता, तरी सोडला नाही.

"मी सव्वीस वर्षं तुमच्यावर डूख धरून होते, वन्सं."

"ठाऊक आहे मला," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या घरी सगळ्यांना वाफाळता चहा. माझाच कप तेवढा गार, साय धरलेला."

पट्टीबाईचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. दोन्ही एकदम सावरताना तिची फार तारांबळ उडाली. मागे नवरा एका बंद दुकानाची पाटी तिसऱ्यांदा वाचत होता.

एक गोष्ट मात्र ती पुलावरही विचारू शकली नाही. पट्टी वाचायला सकाळची पंधरा मिनिटं लागतात. शाळेला रविवारची सुट्टी असते. बसने तासाभराचं अंतर. विचारायचं ओठांवर आलं होतं. पण वन्संनी तिच्या दंडाला धरून रस्ता ओलांडायला सुरुवात केली, आणि तो आधार इतका नवा होता की तिने विचारलं नाही.

*

पावसाळा येऊन गेला आणि नदीचं पाणी निवळलं, तेव्हा आदेश निघाला. नगरपालिकेच्या दारात लावलेला कागद लोकांनी गर्दी करून वाचला. जुन्या पुलापासून संगमापर्यंत. पुराव्यांच्या यादीत पट्टीबाईच्या तेहतीस वर्षांच्या वह्या होत्या, आणि त्यांच्याखाली स्वतंत्र ओळीत 'दुष्काळातील एकोणीस दिवसांची नोंद, प्रत्यक्ष वाचन सिद्ध'. पट्टीबाईने तो कागद चार वेळा वाचला. दरवेळी कोणी ना कोणी येऊन तिचा हात हातात घ्यायचं. कोळी आले, शाळेचे पोरगेलेसे सर आले, रोज पहाटे पोहणारे म्हातारे आले. तिला काय बोलावं ते सुचेना; ती नुसती "आभार नदीचे माना, नदीचे माना" म्हणत राहिली.

त्या रविवारी लेकीने आपल्या सगळ्या होड्या पाण्यात सोडल्या. ज्याला हवं त्याने बसावं. काठावर सतरंज्या पसरल्या होत्या, पोरं पाण्यात आणि आया काठावर ओरडत होत्या, कोणाचं तरी कुत्रं प्रत्येक होडीमागे पोहत सुटलं होतं. जन्मात पाण्यात पाय न घातलेला शिंपी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून घोटाभर पाण्यात उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थंडावा किती बरा वाटतो ते सांगत होता.

वन्संना लेकीनेच धरून आणलं. त्या नको नको म्हणत पुढच्या फळीवर बसल्या. पाठ ताठ, दोन्ही हात कडेला घट्ट. पट्टीबाई मागे बसली. नवरा काठावर, होडीची दोरी सोडायला.

"आत्या, घाबरू नकोस," लेक वल्ही लावता लावता म्हणाली. "मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच घाबरते. तुझ्या सत्ताविसाच्या पाढ्याचं काय झालं होतं ते आठवतंय मला."

लेक हसली. मग तिला एकदम काही सुचलं.

"आत्या, खरंच, तू मला पहिल्यांदा कधी पाहिलंस गं?"

"घरी आणलं तेव्हा."

"दवाखान्यात नाही?"

पट्टीबाईने पाण्याकडे पाहिलं. आत्ता वर पाहू नये असं तिला वाटलं.

"दवाखान्यात नाही," वन्सं म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, सरळ. "त्या काचेच्या पेट्यांच्या वॉर्डात मी आधी एकदा राहिले होते. सात दिवस. तुझ्या आईचं लग्न व्हायच्या आधी." मग त्यांनी वल्ह्याकडे हात केला. "हे असंच धरायचं का? की उलटं?"

लेकीचे हात थांबले होते. काठावर नवरा दोरी सोडायचं सोडून गाठ आवळत बसला होता. पुन्हा पुन्हा त्याच गाठीशी त्याची बोटं चाळा करत होती आणि मान वर येत नव्हती.

पट्टीबाई उठली. होडी हलली तशी वन्संनी कड आणखी घट्ट धरली. पट्टीबाई वाकत वाकत पुढे आली आणि अरुंद फळीवर वन्संच्या शेजारी, त्यांना लागून बसली. दोघींना जेमतेम पुरेल एवढीच जागा होती.

"असं नाही, वन्सं," ती म्हणाली. "अंगठा वर. हं, असा."

आणि काठाकडे वळून तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो, सोडा आता!"